विश्लेषण : कर्णधार वाडेकर आठवतात, पण ‘मॅनेजर’ वाडेकर काय करत?

हिंगोली जिल्ह्यातल्या गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत मॅनेजर म्हणजे बहुतेकदा प्रवेश फी भरणारा, गाडीची सोय बघणारा माणूस. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मात्र कोण खेळणार, पिचर कधी बदलायचा, हे मॅनेजरच ठरवतो. कॉनी मॅक यांनी फिलाडेल्फिया ॲथलेटिक्ससाठी हे काम १९०१ ते १९५० असे अर्धशतक केले. क्रिकेटमध्ये मैदानावरचा हुकूम कर्णधाराचा. म्हणूनच १९९० च्या दशकात भारताचे क्रिकेट मॅनेजर असलेल्या अजित वाडेकरांची (१९४१-२०१८) पद्धत समजायला त्यांच्या कर्णधारपदापासून सुरुवात करावी लागते.

नियमाची जाण...

किंग्स्टन, १९७१. पहिला दिवस पावसात गेला. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑन द्यायला २०० धावांची आघाडी लागते. सामना चार दिवसांचा उरला की १५० पुरते. भारत ३८७, वेस्ट इंडिज २१७, आघाडी १७०. वाडेकरांनी थेट सोबर्स यांना जाऊन फॉलोऑन सांगितला. सामना अनिर्णित राहिला, पण पाहुणे घाबरलेले नाहीत हे यजमानांना कळले. पुढे पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकून भारताने मालिका १-० अशी घेतली.

...आणि निवांत झोप

त्याच वर्षी २४ ऑगस्टला ओव्हलवर १७३ धावांचा पाठलाग सुरू होता. वाडेकर सकाळीच ४५ वर धावबाद झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन चक्क झोपले. विजयाची बातमी सांगायला केन बॅरिंग्टन यांनी त्यांना उठवले. याला कुणी बेफिकिरी म्हणेल. मागच्या फलंदाजांवर एवढा भरवसा टाकणारा कर्णधार विरळाच, असे आम्हाला वाटते.

मॅनेजर झाल्यावर?

हाच भरवसा ऑकलंडला दिसला. २७ मार्च १९९४ रोजी सिद्धूची मान आखडली. सलामीला पाठवा, असा आग्रह सचिन तेंडुलकरने धरला. वाडेकर आणि कर्णधार अझरुद्दीन यांनी होकार दिला. ४९ चेंडूंत ८२ धावा! एका सामन्यापुरती वाटलेली ही सोय पुढे एकदिवसीय क्रिकेटचा इतिहास ठरली. त्याआधी १९९३ मध्ये मायदेशी इंग्लंडला ३-० ने हरवताना फिरकीवरच डाव लावला होता.

प्रत्येक डाव मात्र साधला नाही. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. नाणेफेक जिंकून भारताने श्रीलंकेला फलंदाजी दिली, आणि पाठलागात १ बाद ९८ वरून ८ बाद १२० अशी घसरगुंडी झाली. त्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेलेल्या संघाचे मॅनेजर संदीप पाटील होते.