आपोआप रिती होणारी मोट

बिडकीनचं नाव हल्ली वर्तमानपत्रांत येतं ते औद्योगिक वसाहतीमुळे. शेंद्रा-बिडकीन प्रकल्पात, म्हणजे 'ऑरिक'मध्ये, पैठण रस्त्यालगतची हजारो एकर जमीन कारखान्यांसाठी आखली गेली आहे. विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी इथे जागा निवडल्या आहेत. या कारखान्यांतल्या अभियांत्रिकीचं कौतुक होईलच, ते व्हायलाही हवं. मात्र या भागातल्या विहिरींवर विजेची मोटर बसण्याआधी जे यंत्र चालायचं, त्याचं कौतुक आपण कधी नीट केलेलं नाही. ते यंत्र म्हणजे मोट.

मोटेत लाकूड, चामडं, दोर आणि एक लोखंडी कडं याखेरीज काही नाही. असं असूनही तिच्यात एक करामत आहे, आणि ती समजली की माणूस चकित होतो. मोट विहिरीत शंभर-दीडशे लिटर पाणी भरून घेते, न सांडता वर आणते आणि बरोबर थारोळ्यावर, म्हणजे काठावरच्या पाणी पडायच्या कुंडावर, येऊन आपली आपण रिकामी होते. तिला उलटं करायला काठावर माणूस लागत नाही. मोटकरी तर बैलांबरोबर पार दुसऱ्या टोकाला असायचा.

हे होतं कसं? मोट तळाशी बंद नसते. तिथे चामड्याची लांब नळी असते, तिला सोंड म्हणतात. सोंड खाली लोंबत राहिली तर सगळं पाणी विहिरीतच गळून जाईल. म्हणून मोटेला दोन दोर. जाड नाडा मोटेच्या तोंडाला बांधलेला, तो वरच्या मोठ्या चाकावरून जातो. बारीक सोंदूर सोंडेच्या टोकाला बांधलेला, तो खाली थारोळ्याच्या कडेला बसवलेल्या लाकडी रुळावरून जातो. दोन्ही दोर बैलांच्या जुवाकडे एकत्र येतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेगानं ओढले जातात. सोंदुराची लांबी अशी धरलेली असते, की विहिरीतून वर येताना सोंड दुमडून तिचं टोक मोटेतल्या पाण्याच्या पातळीच्या वरच राहतं. हत्ती सोंड उचलून धरतो तसंच. टोक पातळीच्या वर आहे तोवर पाणी बाहेर पडूच शकत नाही.

खरी गंमत काठाशी आल्यावर घडते. सोंडेचं टोक रुळापाशी पोहोचलं की त्याला आणखी वर जायला वाव उरत नाही, ते रुळावरून आडवं थारोळ्यात ओढलं जातं. मोटेचं तोंड मात्र वरच्या चाकाकडे चढतच राहतं, कारण ते चाक रुळापेक्षा बरंच उंच बसवलेलं असतं. क्षणात पातळ्यांचा खेळ उलटतो. सोंडेचं टोक खाली, पाणी वर, आणि मोट भसाभस थारोळ्यात रिती होते. कळ नाही, खटका नाही. मोट कुठे रिकामी व्हायची हे दोन चाकांच्या उंचीतला फरक आणि दोन दोरांच्या लांबीतला फरक मिळून ठरवतात. माझ्या मते मराठी मुलुखातल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये इतकी देखणी रचना दुसरी नाही.

बैल ज्या उतारावरून चालतात त्याला धाव म्हणतात. तिथेही असाच विचार आहे. बैल मोट ओढतात ते उतरताना, चढताना नाही. समजा, एकेक बैल साडेतीनशे किलोचा आहे आणि सहा फूट चालल्यावर एक फूट उतरावं अशी धाव आहे. मग जोडीच्या सातशे किलो वजनाचा सहावा हिस्सा, म्हणजे जवळजवळ एकशे सतरा किलोची ओढ, नुसत्या वजनामुळेच मिळते. दीडशे लिटर पाण्याचं वजन दीडशे किलो. उरलेले तीसेक किलो, मोटेच्या चामड्याचं वजन आणि चाकांचं घर्षण, एवढ्यासाठीच बैलांच्या अंगची ताकद लागते. त्यात मोटकरी उतरताना नाड्यावर बसायचा, म्हणजे त्याचंही वजन कामी यायचं.

यात ऊर्जा फुकट मिळत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. बैलांना पुन्हा धाव चढून माघारी यावं लागतं, तेही उलट्या पावलांनी. उतरताना मिळालेलं तेव्हा फेडावं लागतं. पण त्या वेळी दोरावर ओझं नसतं. म्हणजे एकूण मेहनतीची दोन हप्त्यांत वाटणी केलेली आहे, एका हप्त्यात पाणी उचलायचं, दुसऱ्यात स्वतःचं अंग. जनावर ऊर फुटेपर्यंत ओढत नाही आणि दिवसभर चालू शकतं. जुन्या विहिरीवरच्या धावेची लांबी पाहिली की पाणी साधारण किती खोल होतं याचाही अंदाज येतो, कारण बैल जेवढे पुढे जातील तेवढीच मोट वर येणार.

कुणी जवळ नसताना वस्तूनं स्वतःच योग्य ते करावं, ही कल्पना माणसाला फार जुन्या काळापासून भुरळ घालते. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिओसनं पाणघड्याळातली पातळी कायम राखायला तरंगती झडप वापरली. आपल्या घरच्या टाकीतला बॉलकॉक त्याच घराण्यातला आहे. 1788 साली जेम्स वॉटनं वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसवला, तो वेग वाढताच वाफ कमी करायचा.

संभाजीनगरातल्या नहरींवरचे उंच दगडी बंबे याच नजरेनं पाहावेत. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीसाठी, म्हणजे आजच्या संभाजीनगरासाठी, नहर आणली, पुढे पाणचक्कीचं पाणीही डोंगरातल्या झऱ्यातून जमिनीखालच्या नळांनीच आलं. बंद नळात हवा अडकली की प्रवाह रोडावतो. आणि नळ सखल भागात उतरला की दाब वाढतो, दहा मीटर उंचीच्या पाण्यामागे एका वातावरणाइतका. मातीचा नळ तो किती सोसणार? बंबा वरून उघडा असतो. अडकलेली हवा तिथून निघून जाते, जादा दाबाचं पाणी त्यातच वर चढतं आणि खालचा नळ वाचतो. पाणचक्कीत तर हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही ते दालन थंड राहतं.

आज बिडकीन-पैठण पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागेत गेलात तर झाडाच्या बुंध्याशी काळा ड्रीपर दिसेल. साध्या भोकातून पडणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दाब चौपट झाला की पाणी दुप्पट. लांब नळीवर पहिल्या झाडाला भरपूर आणि शेवटच्याला कमी, ही अडचण त्यातूनच येते. चांगल्या ड्रीपरमध्ये यावर उपाय असतो तो सिलिकॉनच्या एका लहानशा पडद्याचा. दाब वाढला की पडदा दबतो आणि वाट अरुंद करतो, दाब घटला की सैल होऊन वाट मोकळी करतो. नळीतला दाब ठरलेल्या मर्यादेत असेल तोवर ताशी चार लिटरचा ड्रीपर पहिल्या आणि शेवटच्या झाडाला जवळपास सारखंच पाणी देतो. आतली वाट नागमोडी असते तीही मुद्दाम. वळणांवर पाणी घुसळलं जातं आणि त्याचा जोर मोडतो, म्हणून भोक फार बारीक ठेवावं लागत नाही आणि ते चटकन तुंबतही नाही. इस्रायलच्या सिम्चा ब्लास यांच्या कल्पनेवर 1965 मध्ये तिथल्या हात्झेरिम वसाहतीत ठिबक संच बनवणारी कंपनी स्थापन झाली. ड्रीपरमागे त्यांचं नाव आहे, पेटंट आहे. मोटेमागे असं एकही नाव नाही, म्हणून तिची हुशारी कमी ठरत नाही.

डिझेल इंजिनं आणि विजेचे पंप आले, मोटा थांबल्या. ते योग्यच झालं, त्या कामात बैलांचे आणि माणसांचे हाल कमी नव्हते. पण जुन्या विहिरी बुजवल्या जात आहेत, थारोळ्यांचे दगड उपटून बांधकामाला जात आहेत आणि स्वतः मोट हाकलेली माणसं आता वयानं थकली आहेत. तुमच्या शेतात धाव किंवा थारोळं शिल्लक असेल तर ते पाडण्याआधी टेप घेऊन जा. धावेचा उतार, तिची लांबी, चाकाची आणि रुळाची उंची मोजा, फोटो काढा. घरात मोट चालवलेलं कुणी असेल तर सोंदूर किती आखूड ठेवायचा, हे त्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांकडून दोन रिळं, दोन दोऱ्या आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन मोटेची प्रतिकृती करून घ्यावी. एका तासात ती तयार होते.