चौलच्या वाडीची सावली

एके काळी चौल हे परदेशी गलबतांनी गजबजलेले मोठे बंदर व नगर होते. १५व्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन येथे उतरला होता. आज तेथे नारळ-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या सावलीतील घरे आहेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावरील असंख्य माड-पोफळी आडव्या केल्या.

ही हानी पडलेल्या झाडांपुरती नव्हती. पोफळीच्या कोवळ्या रोपाला थेट ऊन सोसत नाही. मोठ्या झाडाचे खोडही दुपारनंतरच्या उन्हाने करपते. एका वाडीचा आडोसा गेला की शेजारच्या वाडीलाही झळ बसते. वारसांच्या वाटणीनंतर एखादा तुकडा बंगल्यासाठी मोकळा केला, तरी परिणाम तोच होतो. नवी पोफळ फळावर येण्यास पाच-सात वर्षे जातात.

मुद्दल मोडून खाणे व्यापारी घराण्यात कमीपणाचे मानतात. वाडीची सावली हेही मुद्दलच. मात्र ते सामाईक खात्यावर जमा असते. जीवांनी परस्परांना आधार द्यावा, ही जैन धर्माची शिकवण येथे झाडेही पाळतात. म्हणून वाटणीपत्रात जमिनीच्या हद्दींबरोबर पश्चिमेकडील झाडांच्या राखणीचाही उल्लेख असावा.