उघड्या पाठीची नाव

कुळकजाईच्या परिसरात महादेवाच्या डोंगरात उगम पावणारी, दहिवडी आणि म्हसवड या गावांवरून वाहत अखेर सरकोलीजवळ भीमेस मिळणारी माणगंगा वर्षातील बराच काळ वाळूचीच नदी असते, आणि अशा नदीच्या काठी बसून मासेमारीच्या नावेची निवड कशी करावी याचा विचार करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु 1876-77 च्या महादुष्काळात पोटासाठी माती वाहणाऱ्या माणसांच्या श्रमांतून ज्या दुष्काळी कामांस आरंभ झाला, त्यांपैकी एक प्रचंड काम म्हसवडच्या आसमंतात आजही उभे आहे. सरकारी दप्तरात ज्यास म्हसवड तलाव म्हणतात आणि लोकांच्या तोंडी जो राजेवाडीचा तलाव म्हणून रूढ आहे, तो 1887 मध्ये पूर्णत्वास गेला. त्याची मातीची भिंत 24 मीटर उंच आणि सुमारे अडीच किलोमीटर लांब असून, पाऊसकाळ चांगला झाला म्हणजे सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर जो जलविस्तार पसरतो, तो पाहणाऱ्यास हा दुष्काळी माणदेश आहे याचा क्षणभर विसर पडतो.

जिथे पाणी तिथे मासा, आणि जिथे मासा तिथे गळ टाकून बसणारा मनुष्य, हा क्रम सनातन आहे. अलीकडे या मनुष्याच्या हाती एक नवे साधन आले आहे: ज्यात उतरून नव्हे तर ज्यावर चढून बसायचे, अशी उघड्या पाठीची कयाक. इंग्रजीतील नावच आपल्याकडे रूढ झाल्यामुळे विक्रेते तिला ‘सिट-ऑन-टॉप’ म्हणतात. तिच्या निवडीविषयी जो सल्ला सर्वत्र दिला जातो, तो बहुधा माशाकडे पाहून दिलेला असतो. गळाच्या काठ्या किती राहतील, आमिषाचा डबा कोठे बसेल, उभे राहून गळ फेकता येईल काय, हेच त्यात प्रामुख्याने विचारले जाते. माझे प्रामाणिक मत असे आहे की या नावेची खरी परीक्षा मासा मिळण्याच्या जागी होत नसून परतीच्या वाटेवर होते, आणि जी नाव थकलेल्या माणसास विरुद्ध वाऱ्यातून काठावर आणू शकते, तीच त्याच्यासाठी योग्य नाव होय.

हे साधन नवे असले तरी त्यामागील कल्पना आपल्या लोकांस अपरिचित नाही. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून दख्खनच्या नद्या ओलांडणारी माणसे पाण्यात न बसता पाण्यावरच बसत असत. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात गुऱ्हाळातील गुळाची काहील महापुरात माणसे वाहून नेण्यास लावली जाते. ती भार चांगला पेलते, परंतु गोल असल्यामुळे तिला दिशा नसते आणि प्रत्येक वल्ह्यागणिक ती स्वतःभोवती फिरू पाहते. तलावांवर जाळी टाकणारे मच्छीमार ट्रकच्या चाकाच्या फुगवलेल्या ट्यूबवर, किंवा थर्माकोलचे जाड तुकडे जाळ्यात वा पोत्यात शिवून केलेल्या तराफ्यावर बसतात, हातांत दोन फळकुटे घेऊन पाणी मागे सारतात, आणि नायलॉनचे जाळे मांडीवरून हळूहळू पाण्यात सोडतात. कमरेपर्यंतचे शरीर तासन् तास ओले राहते, जोराचा वारा आला तर तराफा त्याच्या स्वाधीन होतो. तथापि त्यात एक गुण निःसंशय आहे, तो म्हणजे तो बुडत नाही. उघड्या पाठीच्या कयाकने हाच गुण घेतला आणि त्यास दिशा व गती यांची जोड दिली.

मूळ कयाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणून केलेली ती बंदिस्त नाव होती, कारण तेथील पाण्याचा स्पर्शच प्राणघातक असतो. उष्ण प्रदेशातील मनुष्यास तिच्या बंदिस्तपणाचे प्रयोजन नव्हते, आणि पालथी झाल्यास तीतून बाहेर पडण्याचे भय मात्र होते. 1970 च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील टिम निमायर यांनी पाठीवरच बैठक खोदलेली नाव केली, आणि पुढे पॉलिएथिलीनची भुकटी साच्यात घालून, साचा तापवून व सर्व बाजूंनी फिरवून एकसंध पोकळ नाव घडविण्याच्या पद्धतीमुळे ही कल्पना सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

या नावेच्या रचनेचे मर्म बैठकीच्या आणि पायांच्या जवळ असलेल्या काही आरपार भोकांत आहे. ही भोके म्हणजे पाठीपासून तळापर्यंत गेलेल्या नळ्यांची तोंडे होत. नळीची भिंत सलग असल्यामुळे नावेच्या पोटात पाणी शिरत नाही, आणि पाठीची पातळी बाहेरच्या पाण्याहून उंच असल्यामुळे लाटेने वर आलेले पाणी स्वतःच्या भारानेच खाली निघून जाते. परंतु भार मर्यादेबाहेर गेला की पाठ खाली दबते, आणि ज्या भोकांतून पाणी जावयाचे त्यांतूनच ते वर येऊ लागते. म्हणून नाव विकत घेण्यापूर्वी आपल्या सर्व सामानासह तीत बसून पाहावे. पायांखाली पाणी साचले, तर विक्रेत्याच्या कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा त्या भोकांनी दिलेला दाखला अधिक विश्वसनीय मानावा.

कागदोपत्री लिहिलेली भारक्षमता ही बहुधा नाव जेमतेम तरंगण्याची क्षमता असते, सुखाने चालण्याची नव्हे. तिच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा, असा अनुभवी लोकांचा नियम आहे. 75 किलो वजनाचा मनुष्य, त्याचे 15 किलो साहित्य व पिण्याचे पाणी, आणि दैव अनुकूल असल्यास 10 किलो मासळी, असा 100 किलोंचा हिशेब धरला, तर किमान 140 ते 150 किलो क्षमतेची नाव लागते. भाराविषयीची बेपर्वाई काय करू शकते हे या मुलखास नव्याने सांगावयास नको. 8 ऑगस्ट 2019 रोजी कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी ओसंडलेली बोट उलटली, आणि जीव वाचविण्यासाठी निघालेल्या अनेकांचे जीव त्याच प्रवासात गेले.

यानंतर रुंदी आणि लांबी यांचा प्रश्न येतो, आणि येथे मनुष्यास एक गोष्ट देऊन दुसरी घ्यावी लागते. मासेमारीच्या कयाकची रुंदी साधारणतः 30 ते 36 इंच असते; रुंद व सपाट तळाची नाव संथ पाण्यात डळमळत नाही, तीवर उभे राहता येते, नवख्याचे मन निर्धास्त होते. परंतु तीच नाव लाटांवर लाटेच्या उतारास धरून कलते, तर किंचित गोलाकार वा मध्ये कणा असलेली अरुंद नाव, बसताक्षणी चंचल वाटली तरी, एका मर्यादेपर्यंत कलून तेथे स्थिर राहते. लांबीचे म्हणाल, तर नावेच्या वेगाची स्वाभाविक मर्यादा तिच्या पाण्यातील लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे बारा फुटांची नाव दहा फुटांच्या नावेहून सुमारे दहा टक्के अधिक वेग धरू शकते. काठाजवळच्या घटकाभराच्या विहारात हा फरक जाणवत नाही, दोन किलोमीटर परत यावयाचे असता मात्र तो खांद्यांस कळतो.

नदीसाठी दहा फुटांची, चटकन वळणारी नाव पुरते. परंतु नदीवर नावेपेक्षा नदीचेच ज्ञान अधिक उपयोगी पडते. आपल्या नद्यांवर जागोजाग असलेले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे वरून निरुपद्रवी दिसतात. त्यांच्यावरून पाणी पडत असता पायथ्याशी ते उलटे फिरते आणि तरंगणाऱ्या वस्तूस, मग ती नाव असो वा मनुष्य, तेथेच घोळवीत ठेवते. वाहत्या पाण्यात नांगर नावेच्या बाजूस कधीही बांधू नये, कारण प्रवाह तिला आडवी धरून पालथी करतो. तो नाळेस वा पिछाडीस असावा, आणि दोरी तोडण्यासाठी चाकू हाताशी असावा. कृष्णेच्या भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरींचा वावर आहे. तेथे ज्या नावेच्या कडेवरून पाय पाण्यात सोडून बसावयाचे, ती नाव न नेणेच शहाणपणाचे.

मोकळ्या पाण्याची गोष्ट वेगळी. लाट केवळ वाऱ्याच्या जोराने वाढत नाही; वाऱ्यास जितके अंतर विनाअडथळा मिळते तितकी ती वाढते. राजेवाडीच्या तलावात पश्चिमेचा वारा साधारणतः माणगंगेच्या ओघाच्या दिशेनेच वाहत भिंतीकडे जातो, आणि तलावाची सर्व लांबी ओलांडून आलेल्या लाटा भिंतीच्या दगडांवर आपटतात. म्हणून सकाळी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस जावे आणि परतताना वारा पाठीशी घ्यावा, हा साधा नियम पाळणाऱ्याचे अर्धे संकट टळते. आडवा वारा आला म्हणजे पुढे जाणाऱ्या नावेची नाळ पाण्याच्या दाबाने धरलेली राहते, पिछाडी सैल असते व वाऱ्याने ढकलली जाते, आणि नाव वाऱ्याकडे तोंड करू लागते. पिछाडीखालची खालीवर होणारी पट्टी किंवा पायांनी फिरविता येणारे सुकाणू हे त्यावरचे औषध होय. मोकळ्या पाण्यासाठी बारा ते तेरा फुटांची, सुकाणू वा पट्टी असलेली नाव घ्यावी; आसन फार उंच नसावे, कारण उंच बसलेला मनुष्य हा वाऱ्याच्या दृष्टीने शिडासारखाच असतो. 21 मे 2024 रोजी उजनी धरणाच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. वैशाखातील दुपारनंतरचे आभाळ भरून येऊ लागले, की मासा कितीही लागत असो, काठाची वाट धरावी.

1997 मध्ये होबी कंपनीने पायांनी चालविण्याचे यंत्र आणल्यापासून पायडलच्या नावांचा बोलबाला झाला आहे. हात गळासाठी मोकळे राहतात हा त्यांचा मोठाच लाभ. परंतु यंत्राचे पाते नावेखाली उतरते, आणि ज्या तलावांचे पाणी उन्हाळ्यात मागे सरकून बाभळीचे बुंधे, गाळ व शेवाळ वर आणते, तेथे ते अडकते व मोडते. दुरुस्तीची सोय दूरच्या शहरात असेल, तर माणदेशातील माणसाने वल्ह्यावरच विश्वास ठेवावा. रुंद नावेस 240 ते 260 सेंटिमीटर लांबीचे वल्हे लागते.

मागे सरकणाऱ्या पाण्यामुळे आणखी एक प्रश्न उद्भवतो, तो वजनाचा. मासेमारीची कयाक 30 ते 45 किलोंची असते, आणि मे महिन्यात काठापासून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळातून तिला नेणे एकट्याच्या आटोक्यातले नसते; दोन चाकांचा गाडा सोबत असावा, किंवा नाव हलकी निवडावी. पॉलिएथिलीनचे हे अंग उन्हात ठेवल्यास जीर्ण होते आणि तापलेल्या दगडांवर पडून राहिल्यास तळास पोचा येतो. चीर गेल्यास त्यास साधा गोंद धरत नाही, त्याच जातीचे प्लास्टिक वितळवून जोडावे लागते. नाव हाती आली तरी एक भान ठेवावे: तलावातील मासळीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते, त्यांची परवानगी घेतल्यावाचून गळ टाकू नये, आणि त्यांच्या जाळ्यांच्या खुणा ओळखण्यास त्यांच्याकडूनच शिकावे.

आता या नावेचा सर्वांत मोठा गुण. ती पालथी झाली तरी पाण्याने भरत नाही, आणि तीवर पुन्हा चढता येते. परंतु हे शिकावे लागते. कमरेइतक्या पाण्यात, कोणी सोबत असता, नाव मुद्दाम उलटावी. पलीकडची कड धरून तिला सरळ करावी. मग तिच्या बाजूस आडवे तरंगत, पाय झाडीत, पोट बैठकीवर ओढून घ्यावे, कुशीवर वळून पाठ टेकावी, बैठकीत बसावे, आणि मगच पाय आत घ्यावेत. पोट, पाठ, बैठक, हा क्रम शरीरास पाठ होईपर्यंत खोल पाण्यात जाऊ नये. ज्या नावेवर आपणांस या रीतीने चढता येत नाही, ती कितीही सुंदर असली तरी आपली नव्हे, मग तिला गळाच्या काठ्यांसाठी दहा खाचा का असेनात.

राजेवाडीसारख्या तलावासाठी कोणी माझा सल्ला विचारल्यास, मी बारा फूट लांबीची, 32-33 इंच रुंदीची, 150 किलोंहून अधिक क्षमतेची, पिछाडीस पट्टी असलेली, वल्ह्याची नाव सुचवीन. मात्र किमतीचा हिशेब मांडताना मापाचे लाइफ जॅकेट आणि चांगले वल्हे यांची रक्कम प्रथम बाजूस काढावी, जॅकेट नावेवर न ठेवता अंगावर घालावे, आणि उरलेल्या पैशांत जी नाव बसेल ती घ्यावी.