बीआरटी: नकाशा उसना, गणित आपले

दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद हा 5.8 किलोमीटरचा बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट), म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या जलद बससेवेचा मार्ग 2008 मध्ये सुरू झाला आणि 2016 मध्ये उखडला गेला. अहमदाबादची ‘जनमार्ग’ सेवा 2009 मध्ये 12.5 किलोमीटरवर सुरू झाली आणि पुढे 80 किलोमीटरच्या पलीकडे गेली. कल्पना एकच, लॅटिन अमेरिकेतून आलेली. मग निकाल इतके वेगळे का?

सुरुवात ब्राझीलच्या कुरितिबातून झाली. महापौर जैमे लर्नर यांच्या काळात, 1974 मध्ये, तिथे रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका आल्या आणि त्याच रस्त्यांलगत उंच इमारतींना परवानगी मिळाली. त्यामुळे प्रवासी मार्गिकेच्या कडेलाच राहायला आले. अशी एक मार्गिका एका दिशेने तासाला साधारण 10 ते 15 हजार माणसे वाहून नेते.

कोलंबियातील बोगोटाला एवढ्यावर भागणार नव्हते. तिथे डिसेंबर 2000 मध्ये ट्रान्समिलेनिओ सुरू झाली, ती कुरितिबाच्या आराखड्यात भर घालूनच. स्थानकांपाशी मागच्या बसला पुढे जाता यावे म्हणून दुसरी मार्गिका, एका स्थानकावर अनेक बस उभ्या राहण्याची सोय आणि मोजक्याच ठिकाणी थांबणाऱ्या जलद फेऱ्या. वर्दळीच्या पट्ट्यात क्षमता तासाला 40 हजारांच्या वर गेली.

अहमदाबादने उलट दिशेचा हिशेब मांडला. समजा, 80 प्रवाशांची बस दर मिनिटाला सुटली, तर तासाला 4,800 माणसे जातात. सुरुवातीला तेवढे पुरेसे असेल, तर बोगोटासारख्या 160 प्रवाशांच्या जोडबस कशाला? म्हणून तिथे 12 मीटरच्या बस धावल्या. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे मधल्या स्थानकांसाठी बसचे दरवाजे उजवीकडे आले. फलाट आणि बसचा तळ एकाच उंचीवर ठेवला, तिकीट स्थानकातच दिले. मार्गही आधी रुंद रस्त्यांवरून काढले, गजबजलेल्या पेठांमधून नव्हे.

दिल्लीत आणि 2006 मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर वेगळी मार्गिका आली, पण तिला वेग देणारी यंत्रणा आली नाही. तिकीट बसमध्येच वाहक फाडत राहिला. पुण्यात दुचाक्या मार्गिकेत घुसत राहिल्या. थांब्यावर एकच बस उभी राहू शकत असेल आणि ती 60 सेकंद अडकत असेल, तर तासाला 60 पेक्षा जास्त बस सुटूच शकत नाहीत. तोच वेळ 20 सेकंदांवर आणला, तर कागदावर ही मर्यादा तिप्पट होते. त्यासाठी रस्ता एक फूटही रुंद करावा लागत नाही. पुण्याने 2015 मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी आणि औंध–रावेत मार्ग सुरू केले, तेव्हा बसच्या तळाशी समपातळीत येणारी स्थानके बांधली. हा शहाणपणा नऊ वर्षे उशिरा आला.

बाहेरून आणायची ती तत्त्वे: राखीव जागा, झटपट चढ-उतार, खात्रीची वारंवारता. बसची लांबी, दरवाजाची बाजू, मार्गिकांची संख्या मात्र आपल्या रस्त्यावरच ठरली पाहिजे. त्यामुळे महापालिकेने अभ्यासदौऱ्याची तिकिटे काढण्याआधी आपल्याच चौकात तीन गोष्टी मोजाव्यात: तासाला किती माणसे जातात, रस्ता किती रुंद आहे आणि बस थांब्यावर किती सेकंद उभी राहते. हे आकडे हाती असतील, तरच परदेशातल्या शहराला नेमके काय विचारायचे ते कळेल.