दाम गिऱ्हाईकाच्या मर्जीवर : हिशेब बसतो का?

कुरआन शरीफ घेताना आपण किंमत विचारत नाही, ‘हदिया किती?’ असे विचारतो. शब्द अदबीचा आहे. परंतु आकडा ठरलेला असतो आणि तो दिल्याशिवाय प्रत हाती येत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने तो सौदाच झाला. अलीकडे ‘मनाला येईल ते द्या’ या पद्धतीची चर्चा तरुण व्यापाऱ्यांत होते, ती गोष्ट वेगळी. तिथे आकडाच नसतो.

अशा धंद्याचे नामांकित उदाहरण ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात आहे. ‘दीवान’ नावाचे पाकिस्तानी जेवणाचे हॉटेल २००५ साली तिथे सुरू झाले. हवे तेवढे खा, वाटेल ते द्या, असा रिवाज. पण देग एकदा शिजली की आणखी एका ताटाचा खर्च थोडाच येतो. कापडाचे तसे नाही. प्रत्येक मीटरचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात.

अमेरिकेतील एका प्रयोगाचे आकडे २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. करमणुकीच्या बागेत झुल्यावर बसणाऱ्यांचा फोटो काढून विकायचा होता. १२.९५ डॉलर भाव ठेवला तेव्हा शंभरात जेमतेम अर्ध्या माणसाने घेतला. ‘वाटेल ते द्या’ म्हटल्यावर शंभरात आठाहून अधिक लोकांनी घेतला, पण दिले सरासरी ९२ सेंट, म्हणजे एका डॉलरहूनही कमी. मग सांगितले गेले, ‘वाटेल ते द्या, निम्मे धर्मादाय कामाला जाईल.’ आता घेणारे शंभरात साडेचार उरले, पण प्रत्येकाने सरासरी ५.३३ डॉलर दिले. निम्मे वाटूनही मालकाच्या पदरात ठरलेल्या भावापेक्षा जास्त पडले. कमी घेणारे का झाले, हे पाहण्यासारखे आहे. थोडके पैसे टाकून फोटो उचलायला लोकांना संकोच वाटला असावा, असे आम्हाला वाटते.

आपल्या महाराष्ट्रात इगतपुरीचे विपश्यना केंद्र १९७६ पासून याच तऱ्हेवर चालते. ते उभे करणारे गोयंका मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. दहा दिवसांच्या शिबिरात राहण्याजेवणाचे पैसे मागत नाहीत. देणगी घेतात ती एक शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच, आणि ती पुढच्यांसाठी. माणूस आपले बिल भरत नाही, मागून येणाऱ्याचे भरतो. नागपूरच्या केंद्रातही हाच नियम आहे. व्यापारी डोक्याची ही मांडणी आम्हाला फार पक्की वाटते.

आपल्याकडे आणखी एक बाब बघावी लागते. फिकहमध्ये विक्रीची किंमत दोघांना माहीत असावी लागते. मोघम दामाचा सौदा फासिद ठरतो. हिबा किंवा हदिया असेल तर प्रश्न नाही. जुन्या फकीहांनी हमामाच्या उजरतीला मात्र रिवाजामुळे मोकळीक दिली, कारण सगळ्यांना साधारण दर ठाऊक असे. रफूगराचे ‘समजून द्या’ याच जातीचे. मोमिनपुऱ्यात रफूगर असे म्हणतो तेव्हा आकडा दोघांच्याही मनात असतो, आणि कमी दिले तर त्याच्या चेहऱ्यावर कळते! परगावच्या किंवा नव्या गिऱ्हाईकाला तो आकडा ठाऊक नसतो. तिथे कारीगराने काम हाती घेण्यापूर्वी मजुरी सांगून टाकावी. लाजेपायी अर्ध्या मजुरीवर घरी जाण्यात कसला मोठेपणा?

आमच्या दुकानात मर्जीचा दाम एकाच मालाला आहे, तो म्हणजे कफनाचा लठ्ठा. मर्दाला तीन कपडे, औरतीला पाच. ज्या घरात मय्यत आहे, त्यांना त्या दिवशी भाव सांगणे आम्हाला जमत नाही. आणि फुकट म्हटले तर खातापिता माणूसही सदका घेतल्यासारखा ओशाळतो. म्हणून डबा ठेवला आहे. कुणी लगेच टाकतो, कुणी चाळिसाव्यानंतर येऊन दुप्पट टाकतो, कुणी कधीच येत नाही. विचारणा होत नाही. डब्यातून पुढचा ताका येतो, कमी पडले तर आम्ही घालतो.

बाकी थानांवर हे करू नये. सुरतेचा अडत्या ‘समजून द्या’ म्हणत नाही, मुदत भरली की फोन येतो.

कागदाचेही सांभाळावे. जीएसटीत दुकानाच्या साठ्यातून भेट दिलेल्या मालाच्या खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. यासाठी आम्ही लठ्ठ्याचा ताका दुकानाच्या खात्यात धरतच नाही. घरखर्चातून स्वतःच्या नावाने बिल करून घेतो आणि वेगळ्या फळीवर ठेवतो. डबाही गल्ल्यापासून लांब, पाण्याच्या माठाशेजारी आहे. तिथे कुणी किती टाकले, ते गादीवरून दिसत नाही.