उपलब्ध पट्टरुंदीचे मापन, अतिवेगवान संगणक जाळ्यांतील

संगणक जाळ्यातील एखाद्या मार्गावर इतरांची वाहतूक चालू असताना नव्या वाहतुकीसाठी जो वेग शिल्लक राहतो, त्याला ‘उपलब्ध पट्टरुंदी’ म्हणतात. दुव्याची क्षमता दर सेकंदास १० गिगाबिट व त्यावरील सरासरी वाहतूक ६ गिगाबिट असेल, तर त्याची उपलब्ध पट्टरुंदी ४ गिगाबिट होय. मार्गाची उपलब्ध पट्टरुंदी सर्वांत कमी शिल्लक असलेल्या दुव्यावरून ठरते; हा दुवा सर्वांत कमी क्षमतेचा असेलच असे नाही. कोणत्याही क्षणी दुवा पूर्ण व्यस्त किंवा पूर्ण रिकामा असतो. म्हणून ही राशी विशिष्ट कालावधीची सरासरी असते.

जिनीव्हाजवळील सेर्न या संस्थेतील प्रयोगांची प्रचंड माहिती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह अनेक देशांतील केंद्रांकडे जाते. अशा वेळी अंदाज जास्त धरल्यास राउटरांतील रांगा भरून पॅकेटे गळतात व इतरांच्या वाहतुकीसही बाध येतो. कमी धरल्यास खर्चिक दुवे वाया जातात.

पद्धती : राउटरांवरील गणकांवरून हे मापन सुलभ असते, परंतु मार्ग अनेक संस्थांच्या जाळ्यांतून जात असल्याने ते गणक बहुधा उपलब्ध नसतात. म्हणून मार्गाच्या दोन टोकांवरूनच मापन करतात. एका पद्धतीत दोन पॅकेटे लागोपाठ पाठवून त्यांतील अंतर वाटेत किती वाढले ते पाहतात. मनीष जैन व कॉन्स्टंटिनोस डोव्रोलिस यांनी २००२ मध्ये मांडलेल्या ‘पाथलोड’ पद्धतीत ठराविक वेगाने पॅकेटांची मालिका सोडतात. त्यांचा प्रवासकाल क्रमाने वाढत गेल्यास तो वेग उपलब्ध पट्टरुंदीहून अधिक आहे, असे समजते. वेग कमीजास्त करीत सीमा निश्चित केली जाते. प्रवासकालाचा केवळ कल पाहावयाचा असल्याने दोन्ही टोकांची घड्याळे जुळलेली असण्याची गरज नसते.

अडचणी : १,५०० बाइटांचे पॅकेट दुव्यावर चढविण्यास १०० मेगाबिट वेगाला १२० मायक्रोसेकंद लागतात, १० गिगाबिटला १·२, तर १०० गिगाबिटला केवळ ०·१२ मायक्रोसेकंद. एवढ्या सूक्ष्म कालांतरात संगणकाच्या अंतर्गत कामातील किरकोळ विलंबही मोठी चूक ठरतो. शिवाय प्रक्रियकावरील भार कमी करण्यासाठी जाळे-कार्ड अनेक पॅकेटे साठवून त्यांची वर्दी एकदमच देते. त्यामुळे गठ्ठ्यातील सर्व पॅकेटे जवळजवळ एकाच वेळी आल्याचा भास होतो व मूळ अंतरे पुसली जातात.

उपाय : पॅकेट पोहोचताच कार्डाच्या यंत्रणेतच वेळेची नोंद करणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. तो शक्य नसल्यास लांब मालिका सोडून सरासरी काढतात किंवा गठ्ठे ओळखून प्रत्येकातील शेवटच्या, म्हणजे कार्डात सर्वांत कमी थांबलेल्या पॅकेटाचीच वेळ विचारात घेतात. ९,००० बाइटांची मोठी पॅकेटे वापरल्यास १० गिगाबिट वेगाला कालांतर ७·२ मायक्रोसेकंदांपर्यंत वाढते. मात्र सबंध मार्गाने ती स्वीकारली पाहिजेत. मालिका फार लांबविल्यास मापनाचीच वाहतूक मार्गावर भार टाकते. म्हणून अचूकता व भार यांचा मेळ घालावा लागतो. [⟶ संगणक].