साठीनंतर रक्तदान : फायदा नेमका कशाचा?

आमचे मामू ६२ वर्षांचे. तरुणपणापासून वर्षातून एकदा तरी रक्त देण्याचा त्यांचा परिपाठ. यंदा मोहल्ल्यातल्या शिबिराला निघाले तेव्हा मुमानी दारात आडव्या आल्या. “या वयात उरलंसुरलं रक्तही देऊन येणार का?” मामूंचे उत्तर तयार होते. रक्त दिल्याने हृदयविकार टळतो, आयुष्य वाढते, असे कोणीतरी त्यांना मोबाईलवर पाठवले होते.

यात खरे किती, ते मी वाचून पाहिले. मूळ कल्पना १९८१ सालची, जेरोम सलिव्हन या अमेरिकन डॉक्टरांची. पाळी सुरू असेपर्यंत स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, त्याचे कारण दर महिन्याला शरीराबाहेर जाणारे लोह असावे, असे त्यांनी मांडले. पुरुषांच्या शरीरात मात्र लोह साठत जाते. एका वेळी ४५० मिलिलिटर रक्त दिले की २०० ते २५० मिलिग्रॅम लोह निघून जाते. पुढे १९९८ मध्ये फिनलंडमधल्या २,६८२ पुरुषांच्या अभ्यासात रक्तदात्यांना हृदयविकाराचा झटका फारच कमी आल्याचे दिसले. पण त्यात दाते होते अवघे १५३.

आणि मुळात रक्त घेतात कोणाचे? ज्याचा रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन पुरेसे, मोठा आजार नाही, त्याचेच. वर्गातली हुशार मुले निवडून शिकवणीला घ्यायची आणि निकाल शिकवणीचा म्हणायचा, तशातला हा प्रकार! २००७ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या १,२७७ रुग्णांपैकी काहींचे रक्त ठरावीक काळाने काढून लोह कमी केले गेले. एकूण मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा ‘रक्त द्या, आयुष्य वाढवा’ असे मी तरी कोणाला सांगणार नाही.

मामूंना फायदा झाला तो वेगळ्याच वाटेने. शिबिरात त्यांचे हिमोग्लोबिन ११.४ भरले. किमान १२.५ हवे, म्हणून परत पाठवले. मुमानी खूश, मामू खट्टू. पण तपासणाऱ्या बाईंनी बजावले होते, “चाचा, या वयात पुरुषाचं रक्त उगाच कमी होत नाही. डॉक्टरांना दाखवा.” दुर्बिणीतून तपासणी झाली. गुडघेदुखीसाठी महिनोन् महिने मनानेच घेतलेल्या गोळ्यांनी जठरात व्रण पडला होता आणि रक्त थोडे थोडे झिरपत होते. घरात कोणाला पत्ता नव्हता. आता औषधे चालू आहेत.

आपल्याकडे रक्तदानाची मर्यादा ६५ वर्षे आहे. पहिल्यांदाच देणार असाल तर ६०. पुरुषांनी तीन, स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवायचे. मामूंना मात्र डॉक्टरांनी मनाई केली आहे. पुढच्या शिबिराला घरातून कोण जाणार, यावर परवा बोलणे चालले होते.

“तुझं हिमोग्लोबिन किती गं?” मुमानींनी मलाच विचारले.

मला सांगता आले नाही.